हट्टी कोण? बीपी की आपण?

"डॉक्टर, माझं बीपी फार हट्टी आहे. तीन गोळ्या चालू आहेत, तरी उतरत नाही." हे वाक्य मी सतत ऐकतो आणि मला ते सहजासहजी पटत नाही. पुष्कळदा हट्ट बीपीचा नसतो, आपला असतो.

आधी आम्हा डॉक्टरांची चूक. जिना चढून धापा टाकत आलेल्या पेशंटच्या शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा आणि आकडा १७० आला की चौथी गोळी लिहायची, याला उपचार म्हणत नाहीत. पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसल्यावर, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दंडाच्या मापाचा पट्टा वापरून किमान दोनदा बीपी मोजायला हवं. घरी आठवडाभर मोजून सरासरी १३५/८५ च्या खाली येत असेल, तर वाढलेला आकडा दवाखान्याच्या भीतीचा असू शकतो. दुसरी चूक म्हणजे वर्षानुवर्षं तोच अपुरा डोस चालू ठेवणं, आणि लघवी वाढवणारं औषध न देणं.

आता तुमची चूक. "रोज घेतो" म्हणणाऱ्यांना मी गोळ्यांची पाकिटं आणायला सांगतो. निम्म्या गोळ्या तशाच असतात! शिवाय गुडघ्यांसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक, नाक मोकळं करणारी सर्दीची गोळी, रोज चघळलेलं ज्येष्ठमध, या सगळ्यांनी बीपी चढतं. आणि सैंधव? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. लोणचं-पापड धरून दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा हवं.

हे सगळं सुधारून, लघवी वाढवणाऱ्या औषधासह तीन औषधं पुऱ्या डोसमध्ये रोज घेऊनही बीपी १४०/९० च्या वर राहिलं, तरच ते खरं हट्टी. तेव्हा कारण शोधायचं: झोपेत घोरताना श्वास अडकणं, किडनीचा आजार किंवा तिची अरुंद झालेली रक्तवाहिनी, अल्डोस्टेरॉन या हार्मोनचा अतिरेक. अशा बीपीवर चौथं औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन उत्तम ठरतं, हे २०१५ साली ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. मात्र ते घेताना रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

हे वाचून कृपया स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. पुढच्या भेटीला घरच्या नोंदींची वही आणि सगळी पाकिटं घेऊन या, आणि डॉक्टरांना न लाजता सांगा, "पाच मिनिटं बसतो, मग मोजा." ती पाच मिनिटं वाचवण्यापायी कुणाला अर्धांगवायू होऊ नये.