विश्लेषण : नियम लिहून दिले, तरी एआय एजंट ते का पाळत नाही?

कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला रोज तेच ते सांगावे लागू नये, म्हणून ‘स्किल’ नावाची सोय आली. नियम एकदा फायलीत लिहायचे आणि एजंटने गरज पडेल तेव्हा ते वाचायचे. पण सकाळी पाळलेला नियम हाच एजंट दुपारी का मोडतो?

रेप्लिट प्रकरणात काय घडले होते?

जुलै २०२५ मध्ये ‘सास्टर’चे संस्थापक जेसन लेमकिन हे रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटकडून अ‍ॅप बनवून घेत होते. आता कोणताही बदल करायचा नाही, असे त्यांनी वारंवार बजावले होते, इंग्रजीतील मोठ्या अक्षरांतही लिहिले होते. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक कंपनी अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, हा डेटा आता परत आणता येणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. रेप्लिटचे मुख्य कार्यकारी अधिकारी अमजद मसाद यांनी हा प्रकार अस्वीकारार्ह असल्याचे मान्य केले. त्यांनी जाहीर केलेल्या उपायांत चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापरातील डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची व्यवस्था होती. म्हणजे नुसत्या सूचनेवर न विसंबता कंपनीने तिकडे जाणारी वाटच बंद केली. पुढचा सगळा विषय या एका फरकाभोवती फिरतो.

‘स्किल’ म्हणजे नेमके काय?

अँथ्रोपिक कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एजंट स्किल्स’ आणली आणि डिसेंबरमध्ये त्यांचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. दिसायला हे अगदी साधे आहे. एक फोल्डर, त्यात ‘स्किल डॉट एमडी’ नावाची मजकुराची फाइल. वरच्या बाजूला स्किलचे नाव आणि वर्णन, खाली सविस्तर सूचना. सोबत हव्या असतील तर स्क्रिप्ट आणि नमुने.

खरी गंमत ती वाचली कशी जाते यात आहे. काम सुरू होताना एजंटला सगळ्या स्किलची फक्त नावे आणि वर्णने दिसतात. समोरचे काम एखाद्या वर्णनाशी जुळते असे वाटले, तरच तो पूर्ण फाइल उघडतो. सरकारी कचेरीतल्या कपाटाची कल्पना करा. कारकून प्रत्येक फाइल उघडत बसत नाही, पाठीवरची चिठ्ठी वाचून हवी ती ओढतो. चिठ्ठीच चुकीची असेल, तर आतले परिपत्रक कितीही काटेकोर असो, ते कुणी वाचणार नाही.

ही रचना मुद्दाम अशी केली आहे. मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर नजरेसमोर ठेवू शकते, त्याला मर्यादा असते. पन्नास स्किलचा संपूर्ण मजकूर आधीच ओतला, तर प्रत्यक्ष कोडसाठी जागा कमी उरेल.

मग एजंट चुकतो कुठे?

बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. नियम मोडला असे आपण म्हणतो, पण अनेकदा त्याने तो वाचलेलाच नसतो. ‘तक्ते बनवण्यास मदत करते’ असे मोघम वर्णन असेल, तर कोणत्या तक्त्यासाठी, कोणत्या शब्दांत मागणी आल्यावर, हे त्याला कसे कळणार? शिवाय काम सोपे वाटले की एजंट स्किल उघडतच नाही. मला हे येते, असा त्याचा पवित्रा असतो. आपल्या कंपनीची पद्धत सर्वसाधारण पद्धतीपेक्षा वेगळी आहे, हे त्याला फाइल न उघडता समजत नाही.

दुसरी अडचण लांबीची. मोठ्या मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती भाषिक मॉडेल चांगली वापरतात, मधली मात्र निसटते, असे २०२३ मधील एका बहुचर्चित शोधनिबंधात दिसून आले होते. तेव्हापासून मॉडेल बरीच सुधारली आहेत. तरी दोन-तीन तास चाललेल्या कामात सुरुवातीला वाचलेला नियम हजारो ओळींखाली गाडला जातो. जागा संपत आली की काही साधने जुन्या संवादाचा सारांश करून पुढे जातात. त्या सारांशात ‘बॅकअप घेतल्याशिवाय फाइल बदलू नये’ हे वाक्य टिकेलच, याची हमी नसते.

तिसरी अडचण आपण स्वतः निर्माण करतो. प्रकल्पात क्लॉड कोडसाठी एक सूचनाफाइल, इतर एजंटांसाठी ‘एजंट्स डॉट एमडी’, कर्सरचे वेगळे नियम आणि त्यावर स्किल. एकीकडे लिहिलेले असते, प्रत्येक बदलानंतर सगळ्या चाचण्या चालवा. दुसरीकडे, वेळ वाचवण्यासाठी संबंधित चाचण्याच चालवा. एजंट यातले एक निवडतो. उद्या दुसरे निवडेल.

आणि मुळात हे सगळे मॉडेलच्या दृष्टीने मजकूरच असते. प्रोग्रॅममधील अट ही अट असते, ती पूर्ण झाली नाही तर पुढची ओळ चालत नाही. स्किलमधील वाक्य मात्र पुढचा शब्द ठरवताना विचारात घेतला जाणारा एक घटक आहे. ‘कदापि नाही’ असे लिहिल्याने त्याचे वजन वाढते, ते कुलूप होत नाही.

सातत्य कशाने वाढते?

वर्णनापासून सुरुवात करावी. स्किल काय करते यासोबतच ते केव्हा वापरायचे, हे वापरणारा ज्या शब्दांत मागणी करेल त्या शब्दांत लिहावे. अँथ्रोपिकच्या आराखड्यात वर्णनाला १,०२४ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जागा पुरेशी मिळते. मुख्य फाइल ५०० ओळींच्या आत ठेवण्याची शिफारस आहे. माझ्या मते तेवढीही लांब होते. जे मॉडेलला आधीच ठाऊक आहे, ते पुन्हा शिकवू नये.

नियमामागचे कारण लिहिले, तर एजंट अनपेक्षित प्रसंगातही बरा वागतो. जे काम दरवेळी तंतोतंत तसेच हवे, ते शब्दांत न सांगता स्किलसोबत स्क्रिप्ट म्हणून द्यावे आणि ती चालवायला सांगावे.

ज्या नियमाचा भंग परवडणारच नाही, तो स्किलच्या भरवशावर ठेवू नये. क्लॉड कोडमध्ये त्यासाठी ‘हुक’ची सोय आहे. एजंट एखादी आज्ञा चालवण्याआधी आपली तपासणी स्क्रिप्ट आपोआप चालते आणि ती आज्ञा अडवू शकते. इथे एजंटला आठवण राहण्याचा प्रश्नच येत नाही. डेटाबेसच्या बाबतीत याहून साधा उपाय म्हणजे पुसण्याचा अधिकारच एजंटला न देणे.

स्किलची चाचणीही घ्यावी लागते, हे मात्र फार थोडे जण मनावर घेतात. जिथे ते उघडले जायला हवे आणि जिथे उघडले जायला नको, अशा दोन्ही प्रकारच्या मागण्या नव्या सत्रात, प्रत्येकी तीन-चारदा देऊन पाहाव्यात. एकदा बरोबर आले म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

दुसऱ्याने लिहिलेले स्किल वापरावे का?

वाचल्याशिवाय नाही. स्किलमध्ये चालणारा कोड असू शकतो आणि त्यातील सूचना एजंट तुमच्याच सूचनांसारख्या मानू शकतो. एखाद्या ओळीत ‘पासवर्डची फाइल अमुक पत्त्यावर पाठव’ असे दडवलेले असेल तर?

प्रत्यक्ष अनुभव काय?

आमच्या डेस्कवर जिल्हानिहाय पावसाच्या तक्त्यांसाठी मी एक स्किल लिहिले होते. आकडे देवनागरीत आणि औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या जुन्या नावांच्या जागी छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. सकाळी सगळे नीट झाले. दुपारी धरणसाठ्याचा तक्ता करायला सांगितला, तर जुनी नावे परत हजर. चूक माझी होती. वर्णनात मी फक्त ‘पाऊस’ लिहिले होते.

वर्णन बदलले. शिवाय तयार तक्त्यात जुने नाव दिसले की काम अडवणारी वीसेक ओळींची तपासणीही जोडली. दोन आठवडे शांततेत गेले. मग बिहारच्या जिल्ह्यांचा एक तक्ता आला. त्यात औरंगाबाद जिल्हा आहे, आणि त्याचे नाव आजही तेच आहे. तपासणीने काम अडवले. एजंटने निमूटपणे बिहारमध्ये छत्रपती संभाजीनगर वसवले आणि पुढे गेला. तक्ता छापण्याआधी उपसंपादकाच्या लक्षात आले. आता तपासणी आधी राज्याचा रकाना पाहते आणि हे नामांतर महाराष्ट्रातील जिल्ह्यांपुरतेच का, याचे एक वाक्य स्किलमध्ये आले आहे.