आठवड्यांचें गणित आणि शहापूरची वाट

गर्भपाताच्या कायद्यांतील आठवड्यांची मर्यादा यत्किंचितहि सैल करूं नये, असें प्रतिपादन वारंवार मोठ्या हिरिरीनें होत असतें. जी स्त्री चोवीस आठवडे स्वस्थ बसली तिला पंचविसाव्यांत तक्रार करण्याचा अधिकार उरत नाहीं, हा या पक्षाचा मुख्य मुद्दा. तो दिसावयास सुटसुटीत आहे. परंतु तो मांडणारांनीं शहापूर-मुरबाडकडील एखादी वाडी पाहिलेली नसावी, असें आम्हांस म्हणणें भाग आहे.

प्रथम कायदा पाहूं. १८६० च्या दंडसंहितेनें गर्भपात गुन्हा ठरविला. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर १९७१ च्या कायद्यानें २० आठवड्यांपर्यंत सशर्त मुभा दिली. २००८ मध्यें गर्भाच्या हृदयांत दोष आढळलेल्या एका स्त्रीस मुंबई उच्च न्यायालयानें मुदतीनंतर परवानगी नाकारली, तेव्हां देशभर चर्चा झाली. पुढें २०२१ च्या दुरुस्तीनें अत्याचारपीडित, अल्पवयीन इत्यादि स्त्रियांसाठीं मर्यादा २४ वर नेली. त्यापलीकडे गर्भांत गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाची संमति लागते. स्त्रीचा जीव वांचविण्याचा प्रश्न असेल तर मात्र मुदत आड येत नाहीं.

आतां वाडीवरून याच गणिताकडे पाहूं. गर्भाचीं बरींच व्यंगें सोनोग्राफींत दिसतात तीं अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सुमारास. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलें कातकरी कुटुंब परततें तें पावसाच्या तोंडाशीं. जेथें रस्ता नाहीं तेथून गरोदर बाईला झोळींतून न्यावें लागतें. आपल्यावरील अत्याचाराची वाच्यता अजाण मुलगी करते ती बहुधा पोट दिसूं लागल्यावर. नियमांनीं मंडळास निर्णयासाठीं तीन दिवसांची मुदत घातली आहे. पण मंडळापर्यंतच्या वाटेस मुदत कोणी घातली? तानसा-भातसाचें पाणी शहापुरांतून मुंबईच्या नळांस रोज पोंचतें. शहापूरच्या बाईला मात्र मुंबई वेळेवर गांठतां येत नाहीं!

प्रतिपक्षाचा एक मुद्दा आम्ही हलका मानीत नाहीं. चोविसाव्या आठवड्यानंतर गर्भ बाहेर जगण्याचा संभव वाढत जातो. ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें २६ आठवड्यांच्या निर्व्यंग गर्भाबाबत नकार दिला. परंतु त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें, ३२ आठवडे उलटलेले व गर्भांत गंभीर व्यंग असतां, मंडळाचा प्रतिकूल अभिप्राय बाजूस ठेवून निर्णयाचा अधिकार त्या स्त्रीचाच मानला. आम्हांस हीच दिशा ग्राह्य वाटते. प्रश्न अवघड आहे, म्हणूनच तो एकट्या पंचांगावर सोंपवितां येत नाहीं.

१८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, तें संकटांत सांपडलेल्या विधवांना जाब विचारण्यासाठीं नव्हे, दार उघडण्यासाठीं. मर्यादेच्या कैवाऱ्यांनीं प्रथम तेंच करावें: वाडीपर्यंत रस्ता, वेळेवर तपासणी, आणि बाईची हकीकत गुप्त राखून ऐकणारा डॉक्टर तालुक्यांतच मिळेल, असें पाहावें. एवढें झाल्यावर आठवडे खुशाल मोजावे. तोंपर्यंत उशीर व्यवस्थेचा आणि शिक्षा बाईला, या व्यवहारास आम्ही न्याय म्हणणार नाहीं.