अर्धी गोळी, पुरता धोका

“एवढ्याशा जिवाला रोज दोन वेळा औषध? अर्धंच देत जा.” फिट येणाऱ्या मुलाच्या घरात हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. कधी आजी, कधी शेजारच्या काकू, कधी खुद्द बाबा. देवऋषाकडे नेणाऱ्याशी भांडता येतं. काळजीपोटी औषध कमी करणाऱ्याशी भांडलं की आपणच दुष्ट ठरतो. तरी भांडायला हवं. अंगारा लावून औषध वेळेवर देणारं घर मला औषध अर्ध्यावर आणणाऱ्या सुशिक्षित घरापेक्षा कमी धोक्याचं वाटतं.

आजींचं म्हणणं आधी पुरतं ऐकू. ही औषधं निर्धोक नाहीत, हे खरंच आहे. व्हॅल्प्रोएटने यकृताला इजा होऊ शकते, दोन वर्षांखालच्या मुलांत विशेष. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिनने अंगावर पुरळ उठतं आणि क्वचित ते जिवावर बेततं. लेव्हेटिरासिटॅमवर काही मुलं चिडचिडी होतात. म्हणजे भीती खोटी नाही. खोटा आहे तो हिशेब: अर्धं दिलं की धोकाही अर्धा.

मुलाचा डोस त्याच्या वजनावर ठरतो, किलोमागे इतके मिलिग्रॅम असा. तो निम्म्यावर आणला की औषध फिट अडवण्याइतकं रक्तात उरेलच, याची खात्री नसते. पुरळ मात्र अर्ध्या गोळीनेही उठू शकतं. धोका घरात ठेवून राखण तेवढी घालवली, असा हा व्यवहार. शिवाय चालू औषध एकाएकी कमी किंवा बंद केलं, तर त्यानेच फिट उसळते. कधी ती थांबतच नाही आणि मूल अतिदक्षता विभागात पोचतं.

दुसरा युक्तिवाद ‘बरा झालाय’ हा. “सहा महिन्यांत एकही फिट नाही, मग औषध कशाला?” बांध घातल्यापासून शेतात पाणी शिरलं नाही, म्हणून कुणी बांध फोडत नाही. साधारण दोन वर्षं फिटशिवाय गेली, की आजाराचा प्रकार आणि ईईजी पाहून डॉक्टर औषध थांबवण्याचा विचार करतात. तेही एका रात्रीत नाही. काही महिने घेऊन, पायरी पायरीने. योग्य औषध नियमित मिळालं तर सुमारे 70 टक्के रुग्ण फिटमुक्त राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातल्या ‘नियमित’ या शब्दाकडेच घरोघरी डोळेझाक होते.

तिसरा युक्तिवाद ‘साइड इफेक्ट नसलेल्या’ पुडीचा. तिला आयुर्वेदाचं नाव देणं हा आयुर्वेदावरच अन्याय आहे. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत आणि वैद्याने हा रोग निदान करून हाताळावा, अशी तिथली रीत आहे. निनावी पुडीवर ना घटक लिहिलेले असतात, ना प्रमाण. अशा काही पुड्यांच्या तपासणीत फेनोबार्बिटोन सापडलेलं आहे. म्हणजे ज्या ‘इंग्रजी’ औषधाला भिऊन पळालो, तेच. फरक इतकाच, की दवाखान्यात ते मोजून मिळालं असतं. फिट बरी करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

मग आजींच्या भीतीचं करायचं काय? ती टाकून द्यायची नाही. मोजण्याच्या कामाला लावायची.

एकदा मी आमच्या ओट्याच्या खणातले तीन ‘चहाचे चमचे’ काढले आणि सिरिंजने पाणी घालून मोजले. एकात तीन मिली मावलं, दुसऱ्यात साडेचार, तिसऱ्यात सहा. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या ज्या सिरपमध्ये पाच मिलीला 200 मिलिग्रॅम औषध असतं, त्याचा ‘एक चमचा’ म्हणजे पहिल्या चमच्याने 120 मिलिग्रॅम आणि तिसऱ्याने 240. सकाळी हाताला कुठला चमचा लागला, यावर मुलाचा डोस दुप्पट किंवा निम्मा! खरी भीती बाळगायची तर या खणाची.

म्हणून सुईशिवायची सिरिंज वापरावी आणि डोस मिलीत व मिलिग्रॅममध्ये, दोन्ही लिहून घ्यावा. लेव्हेटिरासिटॅमच्या नेहमीच्या सिरपमध्ये एका मिलीला 100 मिलिग्रॅम असतात. व्हॅल्प्रोएटच्या जागी ही बाटली आली आणि जुने पाच मिली तसेच चालू ठेवले, तर 500 मिलिग्रॅम पोटात जातील. फेनिटॉइनची बाटली नीट हलवली नाही तर वरचं औषध पातळ आणि तळाचं जहाल होतं. गोळीच्या नावापुढे ‘सीआर’ असेल तर ती कुटून दुधात घालू नये. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. वेळ चुकली तर आठवताच द्यावं. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडावी. दोन डोस एकत्र कधीच देऊ नयेत. औषधावर उलटी झाली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. तापात हे औषध थांबवू नये, कारण तापातच फिटचा धोका वाढतो. दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक मिळालं तर फिटचं औषध चालू असल्याचं सांगावं. क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपिन रक्तात साठतं. पुरळ, सततची उलटी, कावीळ किंवा गुंगी दिसली तर आपल्या मनाने औषध बंद न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि फिट चालू असताना नाकाला कांदा लावायचा नाही, तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, औषधाचा थेंबही नाही, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. कुशीवर वळवावं, घड्याळ पाहावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारावा आणि दवाखाना गाठावा.

“हे सगळं रोज कोण सांभाळणार?” हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात प्रामाणिक. आई कामावर, बाबा पाळीवर. सकाळचं औषध आजीने दिलं की आईने, हे दुपारी कुणालाच आठवत नाही, आणि मग एक तर दोनदा जातं किंवा जातच नाही. पण याच घरात दुधाचा खाडा कधी विसरला जात नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात ‘अर्धा लिटर कमी’ असं पेन्सिलीने नोंदलेलं असतं. त्याच चौकोनात औषधाच्या दोन खुणा करायला जागा आहे. देईल त्याने खूण करायची. पेन्सिल आजींच्या हाती द्यावी. अर्धं देण्याइतकी काळजी ज्यांना होती, त्या पुरं दिलं की नाही हे सगळ्यांत चोख पाहतील.