डॉक्टरांचे शिक्षण कोणाच्या खर्चाने?

मनाचा आजार ही सुखवस्तूंची चैन, कष्टकऱ्याला उदास होण्याची सवड कोठली, हा समज चळवळीतल्या अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांच्याही मनात घर करून बसला आहे. कष्टकऱ्यांवर एवढा अन्याय भांडवलदारांच्या प्रचारानेही क्वचितच केला असेल. नैराश्याने ग्रासलेली मोलकरीण, यंत्रमागावरचा कामगार वा कर्जात बुडालेला शेतकरी आपण खिन्न आहोत असे सांगत डॉक्टरकडे जात नाही. अंग मोडून येते, डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही, ही त्यांची भाषा. नाक्यावरच्या दवाखान्यात तपासणी दोन मिनिटांत उरकते. ताकदीचे इंजेक्शन टोचले जाते, फार तर झोपेच्या गोळ्या मिळतात. दिवसाची मजुरी बुडते आणि आजार आहे तेथेच राहतो. नैराश्याच्या रोग्यांपैकी शंभरात सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत, असे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले. मनोविकारतज्ज्ञ थोडे, आणि तेही शहरांत एकवटलेले. ही दरी भरून निघावयाची तर ती फॅमिली डॉक्टरच्याच हातून.

त्या डॉक्टरला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याला शिकविले कोणी? एमबीबीएसच्या परीक्षेत मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र विषय नाही. पुढे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्रात पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. पण ते ज्या व्याख्यानांतून मिळतात, त्यांतल्या अनेकांचे यजमानपद औषधकंपन्यांकडे असते. सभागृह त्यांचे, भोजन त्यांचे, आणि भिंतीवरचे गोळीचे नावही त्यांचेच. वस्त्यांत व खेड्यांत गरिबांना प्रत्यक्ष तपासणारा डॉक्टर तर बहुधा आयुर्वेदाचा वा होमिओपॅथीचा पदवीधर. त्याला नैराश्याविषयी जे काही कळते ते पिशवी घेऊन येणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीकडून!

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नियम काढून औषधकंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या चर्चासत्रांपासून डॉक्टरांना दूर राहावयास सांगितले होते. तीनच आठवड्यांनी ते नियम स्थगित झाले. २०२४ च्या विपणन-संहितेने काही अटी घालून ही वाट मोकळीच ठेवली. हितसंबंधांचे बळ किती, हे यावरून ओळखावे.

कंपनीच्या व्याख्यानात खोटेच सांगितले जाते असे नव्हे. तेथे काय गाळले जाते, हे पाहावयाचे. गेले दोन आठवडे मन उदास आहे काय, कशातच गोडी वाटेनाशी झाली आहे काय, हे दोन प्रश्न विचारावयास पैसा लागत नाही. जीव नकोसा वाटतो काय, असे विचारल्याने आत्महत्येचा विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट रोगी मोकळा होतो. सौम्य नैराश्यात गोळीवाचूनही भागते. गोळीचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते. यातले काय विकता येते?

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ साली तेथील जवळजवळ सर्व फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे व त्यावरील उपचारांचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. आत्महत्यांचे प्रमाण दर लाखास सुमारे २० वरून १९८५ पर्यंत ७ वर उतरले. बेट लहान, आकडे लहान, आणि पुरुषांच्या आत्महत्यांवर फारसा परिणाम झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु खरा धडा पुढचा आहे. शिकलेल्यांपैकी निम्मे डॉक्टर बेट सोडून गेले, शिक्षण थांबले, आणि १९८८ पर्यंत आकडा पुन्हा वर चढला. इंग्लंडातील हॅम्पशायरच्या प्रयोगाचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. तेथे तर डॉक्टरांना शिकवूनही रोग्यांच्या पदरात काही पडले नाही. म्हणजे नुसत्या व्याख्यानाने भागत नाही.

मग काय लागते, त्याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथील 'मानस' प्रयोगात डॉक्टरच्या जोडीला स्थानिक, तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण दिलेले आरोग्य-समुपदेशक नेमले गेले. नैराश्य व चिंताविकाराच्या रोग्यांपैकी सहा महिन्यांत बरे झालेल्यांचे प्रमाण सरकारी केंद्रांत शेकडा सुमारे ६६ होते. जेथे समुपदेशक नव्हते तेथे ते सुमारे ४३ च होते. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. ज्यांना सरकारी केंद्रावाचून दुसरे दार नाही, त्यांनाच त्याचा लाभ झाला. हा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर इतकी वर्षे महाराष्ट्राचे राज्यकर्ते कशाची वाट पाहत आहेत?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. फ्लुऑक्झेटिनसारखे जुने, स्वस्त औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाने वर्षातून दोनदा तालुक्याला येऊन सर्व पॅथींच्या डॉक्टरांना शिकवावे, यास येणारा खर्च मंत्र्यांच्या एका दौऱ्याहून अधिक नसावा.

औषधांच्या तुटवड्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. पुढच्या निवेदनात तीन ओळी अधिक घालाव्यात. नैराश्यावरचे औषध केंद्राच्या कपाटात आहे काय? ते लिहून द्यावयास तेथल्या डॉक्टरला गेल्या वर्षभरात कोणी शिकविले? आणि त्या शिकवणीचा खर्च कोणी केला?