माकडाची सुटका झाली, मदाऱ्याचं काय?

‘डन्स्टन चेक्स इन’ हा १९९६चा इंग्रजी विनोदी सिनेमा. न्यूयॉर्कमधलं एक बडं हॉटेल. तिथे एक ‘लॉर्ड’ उतरतो. दिसायला खानदानी, पण धंदा दागिने चोरण्याचा. खोल्यांत शिरून ऐवज उचलायला त्याने एक ओरँगउटान शिकवून तयार केलेला असतो. तोच हा डन्स्टन. तो मालकाच्या तावडीतून निसटतो, मॅनेजरच्या मुलांशी दोस्ती करतो आणि हॉटेलच्या मोठ्या मेजवानीचा पार बोऱ्या वाजवतो. शेवटी चोर पकडला जातो, डन्स्टन सुटतो आणि मुलांच्या कुटुंबासोबत बालीला जातो.

घरातल्या मुलांसोबत पाहावा असा सिनेमा आहे. हसायला येतं, आणि हसावंच. पण त्यात एक सोपं गणित आहे: जनावराला शिकवून नाचवणारा तो दुष्ट. तो गजाआड गेला, जनावर सुटलं की गोष्ट संपली. आपल्याकडे मात्र गोष्ट तिथून सुरू होते.

आपल्याकडचा जनावर नाचवणारा सूटबूट घातलेला लॉर्ड नव्हता. तो डोक्याला फडकं बांधलेला, हातात डमरू नाहीतर काठी असलेला मदारी होता, दरवेशी होता. विदर्भातल्या गावांत तो अस्वल घेऊन यायचा. भीती जावी म्हणून आया लेकरांना अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या, त्याच्या केसाचा ताईत गळ्यात बांधायच्या. त्यात हिंदू-मुसलमान असा फरक नव्हता. दरवेशी मात्र बहुतेक मुसलमान असायचा. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी, अस्वलवाले, मुस्लिम मदारी ही नावं आजही आहेत.

त्या खेळात क्रूरता होती, हे झाकायचं कारण नाही. पिल्लू आईपासून तोडून आणायचं, तापलेल्या सळईने नाकाड भोकसून त्यात दोरी ओवायची, दात पाडायचे. ‘नाच’ म्हणजे त्या दोरीची वेदना होती. अस्वल पकडायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानेच मनाई केली होती. १९९८च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी आली. सर्कसवाले कोर्टात गेले, पण केरळ उच्च न्यायालयाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. ते योग्यच झालं. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, अशा हदीस ज्यांच्या घरात सांगितल्या जातात, त्यांनी तरी दरवेशाच्या दोरीची वकिली करू नये.

प्रश्न पुढचा आहे. अस्वल सोडवून नेलं, पण त्याच्यावर पोट असलेल्या कुटुंबाचं काय झालं? काही संस्थांनी उत्तरेतल्या कलंदरांना दुसऱ्या धंद्यासाठी पैसे दिले, त्यांची मुलं शाळेत घातली. हे चांगलं झालं. पण हे सरकारने स्वतःचं कर्तव्य म्हणून केलं असतं, तर ते संस्थांच्या ताकदीवर सोडावं लागलं नसतं. भटक्यांसाठी बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल २००८ साली आला, भिकू रामजी इदाते आयोगाचा त्यानंतर दहाएक वर्षांनी. दोन्ही अध्यक्ष मराठी. तरीही दाखल्याचा घोळ तसाच आहे. महाराष्ट्रात भटक्या जमातीचा दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा राहण्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाने एका गावात आठ दिवस मुक्काम केला नाही, त्याने तो आणायचा कुठून? अस्वलाच्या पाठीवर बसलेल्या लेकरांचे दाखले निघाले, अस्वलवाल्याच्या लेकरांचे अडले.

जनावर वाचवण्याचा खर्च गरिबाच्या खात्यावर टाकायची ही सवय जंगलातही दिसते. आमचा झरी जामणी तालुका यवतमाळच्या टोकाला, पलीकडे तेलंगणा. कापसाचं शेत संपलं की जंगल. न्यूयॉर्कच्या हॉटेलात जनावर शिरलं तर सिनेमा होतो. इथे शेतात वाघ दिसला तर गुराखी घरी बसतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. एप्रिल २०२१मध्ये याच तालुक्यात, मुकुटबनच्या जंगलात, गाभण वाघीण मारून तिचे पंजे कापून नेले. त्या कृत्याला माफी नाही. पण वाघाशेजारी राहणाऱ्याला जंगल आपलं वाटावं असं आपण काय केलं, हेही विचारलं पाहिजे. नुसत्या कलमांनी वाघ वाचत नाही. शेजारी राहणारा माणूस त्याच्या बाजूने उभा राहिला, तरच वाचतो.

हे झालं सरकारचं. आता थोडं आपल्या घरातलं. ‘इस्लाममध्ये जातपात नाही’ असं आपण अभिमानाने म्हणतो. मग मदारी-दरवेशाचा डेरा गावाबाहेरच का राहिला? जुम्म्याच्या नमाजला तो आपल्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, पण सोयरिकीचा विषय निघाला की आपल्याला त्याची ‘बिरादरी’ आठवते. जकात वाटताना दूरच्या मदरशाची पावती फाटते, पण गावाबाहेरच्या पालातल्या पोरीची फी कोण भरतं? मुसलमानांच्या मागासलेपणावर आपण सभा घेतो. त्या सभेच्या मंचावर एखादा दरवेशी कधी बसलेला दिसला?

करायचं ते फार मोठं नाही. प्रत्येक तालुक्यात दोन-चार शिकलेली पोरं असतात, ज्यांना तहसीलचे कागद कळतात. त्यांनी आपल्या भागातल्या दरवेशी, मदारी, अस्वलवाल्यांची यादी करावी. १९६१चा कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला द्या, असा अर्ज त्यांच्यासोबत जाऊन करावा, आणि मशिदीच्या कमिटीने त्या अर्जामागे उभं राहावं. जकातीतला एक वाटा त्या मुलांच्या शाळेसाठी काढावा.

डन्स्टनच्या सिनेमात चोर तुरुंगात गेला, ते ठीकच झालं. आमचा दरवेशी चोर नव्हता. त्याच्या हातातली दोरी आपण काढून घेतली, बरंच केलं. त्या रिकाम्या हातात काहीतरी द्यायचं मात्र अजून बाकी आहे.