‘बौद्ध’ हा शब्द टाईप करताना



आपल्या वस्त्यांतले फलक, लग्नपत्रिका, वर्षावासाची हँडबिले आम्ही मुद्दाम बारकाईने वाचतो. त्यांत ‘बुध्द’, ‘बौध्द’, ‘सिध्दार्थ’ असे वारंवार छापलेले दिसते. म्हणजे अर्धा ध आधी आणि द मागून. शुद्ध रूप याच्या उलट आहे, अर्धा द आधी आणि पूर्ण ध नंतर. ज्यांना आपण रोज वंदन करतो त्यांचेच नाव चुकते! दोष एकट्या छापणाऱ्याचा नाही. मजकूर आपण त्याच्या हवाली करतो, पैसे मोजतो आणि न वाचता घरी आणतो.

फलकाचे एक वेळ सोडून देऊ. पण अर्जात आणि दाखल्यात हेच घडते तेव्हा अंगाशी येते. संगणकाच्या लेखी ‘बौद्ध’ आणि ‘बौध्द’ हे दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. आडनावाचेही तसेच. शाळेच्या दाखल्यावर एक आणि जातीच्या दाखल्यावर दुसरे निघाले, की पोराच्या शिष्यवृत्तीसाठी बापाला रोज बुडवून कचेरीचे खेटे घालावे लागतात. म्हणून घरातल्या एकाने तरी मराठी मजकूर स्वतः टाईप करायला शिकलेच पाहिजे, आणि ते एक माणूस आई किंवा ताई असेल तर फारच उत्तम.

त्यासाठी महागडा प्रोग्राम विकत घ्यायला नको. लिबरऑफिस रायटर फुकट मिळतो. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडावी. मग विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकात मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला आहेत. इंग्रजी ओच्या कळीवर द आहे, त्याच कळीवर शिफ्ट धरले की ध. वायवर ब, शिफ्ट धरून भ. पाय मोडायचे चिन्ह डीच्या कळीवर. आता ‘बौद्ध’ लिहू. वायने ब, क्यूने औची मात्रा, ओने द, डीने पाय मोडला, शेवटी शिफ्ट धरून ओ. पाच ठोके झाले. तोंडाने जसा उच्चार होतो त्याच क्रमाने बोटे चालतात. ऱ्हस्व वेलांटीही अक्षरानंतरच दाबायची; पडद्यावर ती आपोआप अक्षराच्या आधी जाऊन बसते. जुन्या टाईपरायटरवर हात बसलेल्यांना हे काही दिवस खटकते.

त्यांची आणखी एक सवय मोडावी लागते. ओळ संपली की एंटर दाबू नये, ओळ आपली आपण खाली येते. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. ओळीओळीला एंटर मारलेल्या अर्जात मागाहून दोन शब्द घातले की सगळ्या ओळी वेड्यावाकड्या तुटतात.

चुकेल म्हणून भिऊ नका. बाबासाहेबांचे लिखाण नानकचंद रत्तू टाईप करून देत. त्या यंत्रावर मधेच चार ओळी घालायच्या म्हणजे पान पुन्हा टाईप करणे आले. आता त्या जागी कर्सर नेऊन लिहावे, पुढचा मजकूर स्वतः सरकतो. बॅकस्पेस मागचे एकेक चिन्ह पुसते, त्यामुळे ‘बौद्ध’मधला ध तेवढा काढून दुरुस्त करता येतो. भलतेच काही पुसले गेले तर कंट्रोल आणि झेड दाबावे, गेलेले परत येते. दर दोन-चार ओळींनी कंट्रोल आणि एस दाबून मजकूर जपून ठेवावा; वीज काही सांगून जात नाही.

एकच चूक दहा ठिकाणी असेल तर कंट्रोल आणि एचने सगळीकडे एकदम बदलता येते. मात्र हे हत्यार जपून वापरावे. ‘राम’च्या जागी ‘रमा’ घाला म्हटले तर ‘रामदास’चा ‘रमादास’ आणि ‘आराम’चा ‘आरमा’ होऊन बसतो. एकेक ठिकाण पाहून बदललेले बरे.

दुकानातून टाईप करून घ्यायची वेळ आलीच, तर युनिकोडमध्ये करायला सांगावे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक अक्षरे दिसतात. कागद छापण्यापूर्वी पडद्यावर नाव, आडनाव, जात-धर्माचा रकाना आणि तारीख मोठ्याने वाचून घ्यावी. दुकानदार घाई करील, करू द्यावी. फाईल आपल्या पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि आधार क्रमांक असलेला अर्ज त्याच्या संगणकावरून आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.