सातबाऱ्यावरची नावं

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कोकणात भाताची झोडणी चालू असेल आणि किनाऱ्यावरच्या घरगुती खोल्या दिवाळीच्या सुट्टीसाठी झाडूनपुसून तयार होत असतील. एकाच घरातली माणसं दोन्हीकडे धावतात. पण खोलीच्या पैशापुढे शेत मागे पडत गेलं, हेही खरं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. होडीवाले, खानावळीत राबणारे, मुंबईहून परतलेले चाकरमानी, सगळेच त्या पावसात शेतात उतरले. देशभर हेच झालं. सरकारी श्रमबल पाहणीत शेतीत काम करणाऱ्यांचं प्रमाण 2018-19 मध्ये 42.5 टक्के होतं, ते 2020-21 मध्ये 46.5 टक्के झालं. याला शेतीनं रोजगार दिला असं म्हणायला माझं मन धजत नाही. चौघांची लावणी सात जणांनी केली. भात तेवढंच पिकलं.

दिवेआगर-श्रीवर्धनला तर तेवढाही आधार उरला नाही. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. खोल्यांचे पत्रे उडाले आणि अडीअडचणीला हात देणारी वाडीही गेली. पोफळीचं रोप लावलं की पहिली सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर आळी करा, शिंपणं करा, केळीची सावली द्या. काम सुटल्यावर लावलेली वाडी त्या वर्षीची चूल पेटवत नाही. ती खोल्या भरलेल्या असतानाच, त्याच पैशातून लावायला हवी.

पण लावायची कुठे? रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना राज्यात 1990 पासून आहे. आंबा-काजूच्या कितीतरी बागा तिच्यामुळे उभ्या राहिल्या. गावात राहिलेल्या मुलाला तिचा लाभ घ्यायचा तर सामायिक सातबाऱ्यावरच्या इतर खातेदारांची संमती लागते. उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबई-पुण्याला, काही तर हयातही नाहीत. खंडानं द्यावी तर कुळकायद्याची धास्ती. मग जमीन पडीक राहते आणि तिच्यावर रान माजतं.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची नावं अशा उताऱ्यांवर आहेत. तुम्हाला दिवाळीच्या शुभेच्छा, आणि एक विनंती: या सुट्टीत गावी जाल तेव्हा सातबारा काढा, राहिलेल्या वारसनोंदींचे अर्ज द्या आणि तिथे राहणाऱ्या भावाच्या संमतिपत्रावर सही करून या.